बाहेरचा कोण? : अफूचे शहर आणि दायित्वाचा प्रश्न

कोणत्याही मोठ्या शहरात अमली पदार्थांचा साठा पकडला गेला की दोन प्रश्न एकाच वेळी विचारले जातात. हा माल आला कोठून, हा पहिला. आणि तो आणला कोणी, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तपासाअंती मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र पुष्कळदा तपासापूर्वीच तयार असते : ते काम बाहेरच्यांचे. हा बाहेरचा कोण, हे स्थळकाळानुसार बदलते. कधी तो सरहद्दीपलीकडचा असतो, कधी परप्रांतीय, कधी आफ्रिकेतून शिक्षणासाठी आलेला तरुण, तर कधी पदपथावर झोपणारा निराधार. माणूस बदलला तरी वाक्याची रचना बदलत नाही. त्या वाक्यात शहर हे नेहमी कर्म असते, कर्ता कधीच नसते. विष शहरात आणले जाते, शहरावर लादले जाते. नगरातील हा व्यापार रहिवासी चालवतात की उपरे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वस्तुस्थितीचा आहे. तथापि त्याचे उत्तर देण्यात जी घाई दिसते ती लक्षात घेता, तिच्यामागे एखादी नैतिक गरज दडलेली असावी, असे म्हणावे लागते. ही गरज कोणती आणि ती कितपत रास्त आहे, हे तपासण्यासाठी मुंबईचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. कारण या व्यापारातील दोन्ही भूमिका या शहराने पार पाडल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या उत्कर्षाचे श्रेय सामान्यतः कापसाला दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कापडगिरण्यांची धुरांडी उभी राहण्यापूर्वी या बेटावर जे भांडवल साचले त्यात अफूचा वाटा मोठा होता. अमर फारुकी या इतिहासकाराने आरंभीच्या व्हिक्टोरियन मुंबईवरील आपल्या २००६ मधील ग्रंथाला ‘ओपियम सिटी’, म्हणजे अफूचे शहर, असेच नाव दिले आहे. बंगाल आणि बिहारमध्ये अफूवर कंपनी सरकारची मक्तेदारी होती. तेथे शेतकऱ्याला उचल देऊन त्याच्याकडून पीक काढून घेतले जाई. माळव्याची गोष्ट वेगळी होती. तो मुलूख मुख्यतः शिंदे, होळकर आणि इतर संस्थानिकांच्या सत्तेखाली होता. तेथील अफू सावकार, दलाल आणि पेढीवाले यांच्या हातून समुद्राकडे येत असे. कंपनीने हा प्रवाह रोखण्याचा प्रयत्न केला तेव्हा माल राजपुताना आणि सिंधमार्गे कराचीला, आणि तेथून पोर्तुगीजांच्या दमण बंदराकडे वळू लागला. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने माघार घेतली आणि पेटीमागे ठराविक कर भरून परवाना घेणाऱ्यास मुंबई बंदर खुले केले. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर दुसरी वाटही बंद झाली आणि माळव्याची अफू मुंबईच्या गोदीत एकवटली.

येथे एक गोष्ट नजरेआड करून चालत नाही. बिहारच्या अफूबाबत ‘हे परक्या सरकारचे पाप’ असे म्हणण्यास पुष्कळ आधार आहे. माळव्याच्या अफूबाबत तसे म्हणता येत नाही. शेत, सावकारी, दलाली, विमा, जहाज या साखळीतील बहुतेक दुवे देशी होते. जमशेटजी जीजीभाई यांनी कॅन्टनच्या व्यापारात अफू आणि कापूस या दोहोंवर संपत्ती मिळवली. जार्डिन-मॅथेसन या पेढीशी त्यांचे दीर्घकाळ निकटचे संबंध होते. १८४२ मध्ये ‘सर’ हा किताब मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले, आणि १८४५ मध्ये सुरू झालेले रुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. मोतीशा शेठ यांच्यासारखे जैन व्यापारीही याच व्यापारात होते. त्या सर्वांच्या दृष्टीने अफू हा एक माल होता, जसा कापूस होता तसा. या व्यापारात कॅन्टनच्या किनाऱ्यावर बाहेरचा होता तो मुंबईकर. चिनी भाषेत अफूला ‘परदेशी माती’ अशा अर्थाचे नाव पडले होते. त्या मातीचा एक मोठा भाग माळव्याचा होता आणि तिच्या पेट्यांवर मुंबईचा कर भरलेला होता.

डेव्हिड ससून यांची कहाणी या संदर्भात विशेष बोलकी आहे. बगदाद सोडून आलेले हे ज्यू व्यापारी १८३० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत स्थायिक झाले. त्यांच्या पेढीने पुढे माळव्याच्या अफूव्यापारात अग्रस्थान मिळवले. ससून जन्माने मुंबईचे नव्हते, त्यांची भाषा मुंबईची नव्हती, वेशही सुरुवातीला मुंबईचा नव्हता. परंतु त्यांना कोणी उपरा म्हणत नाही. काळा घोड्याजवळचे ग्रंथालय त्यांच्या नावाचे आहे. १८६७ मध्ये उभे राहिलेले पुण्याचे रुग्णालय तर बोलीभाषेत नुसते ‘ससून’ आहे. एखाद्या कुटुंबाचे नाव शहराच्या जिभेवर सामान्यनाम होऊन बसावे, यापेक्षा अधिक स्वीकार तो कोणता? यावरून असे दिसते की ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ हे शब्द जन्मस्थानावरून ठरत नाहीत. ज्याची संपत्ती शहरात दगडी इमारतीच्या रूपाने थांबते तो आतला होतो. ज्याच्याकडून शहराला पुडीखेरीज काही मिळत नाही तो दोन पिढ्या राहूनही बाहेरचाच राहतो. हा न्याय नीतीचा नव्हे, हिशेबाचा आहे. दानशूरांची दानत खोटी होती असा याचा अर्थ नाही. त्या रुग्णालयांत असंख्य गरिबांचे प्राण वाचले, हेही तितकेच खरे. मात्र ज्या घरांतील माणसे त्या धुरात संपली ती घरे दूरच्या किनाऱ्यावर होती आणि त्यांची मोजदाद मुंबईच्या वहीत नव्हती.

चीनच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली आणि त्यातून पहिले अफूयुद्ध पेटले. त्या क्षणी ‘विष बाहेरून आले’ हे चीनचे म्हणणे अक्षरशः सत्य होते; बंदुकीच्या बळावर ते विष पुढेही आत येत राहिले. परंतु मालाच्या पेट्या जहाजावरून किनाऱ्यावर आपोआप चालत जात नसत. त्या वाहून नेणाऱ्या वेगवान होड्या, लाच घेणारे अंमलदार, आतल्या प्रांतांत माल पोचवणारे व्यापारी, हे सारे स्थानिकच होते. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी चीनमधील देशी अफूचे उत्पादन आयातीच्या कितीतरी पुढे गेले. बाहेरच्याने लावलेली सवय आतल्याने आपल्या शेतात पेरली. म्हणजे एकाच देशात एका शतकाच्या अवधीत दोन्ही उत्तरे खरी ठरली. आक्रमकाचा अपराध त्यामुळे कमी होत नाही. पण केवळ आक्रमकाकडे बोट दाखवून घरातील हिशेब पूर्ण होत नाही, हेही त्यातून स्पष्ट होते.

या सबंध काळात भारतात या व्यापाराकडे वेगळ्या दृष्टीने पाहणारी माणसे थोडी होती, पण होती. दादाभाई नौरोजी १८५५ मध्ये कामा आणि कंपनी या पेढीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. अफू आणि मद्य यांच्या व्यापारातील नफ्यात वाटा घेणे त्यांना मान्य होईना आणि तीन वर्षांत त्यांनी ती भागीदारी सोडली. पुढे ‘संपत्तीच्या निस्सारणा’चे विवेचन करताना त्यांनी भारताच्या शोषणाबरोबर अफूमुळे चीनवर पडणाऱ्या भाराचीही दखल घेतली. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १८८१ मध्ये, वयाच्या अवघ्या विशीत, ‘भारती’ मासिकात चीनमधील या मरणाच्या व्यापारावर लेख लिहिला. या दोन उदाहरणांचे मोल त्यांच्या धाडसापेक्षा त्यांच्या विचारपद्धतीत अधिक आहे. पारतंत्र्यातील माणसाला ‘दोषी इंग्रज आहे’ एवढे म्हणून थांबण्याची पूर्ण मुभा होती, आणि तसे म्हणणे खोटेही ठरले नसते. दादाभाईंनी त्यापलीकडचा एक प्रश्न विचारला : या व्यवहारात माझा हिस्सा किती? व्यापार कोण चालवतो, या प्रश्नाचे उत्तर देताना बोट नेहमी दुसऱ्याकडे वळते. हिस्सा किती, या प्रश्नाला मात्र स्वतःपासूनच सुरुवात करावी लागते.

अफू केवळ परदेशी जात होती, असेही नाही. मुंबईत ती परवानाधारक दुकानांतून उघडपणे विकली जाई आणि तिच्यावरील महसूल सरकारी तिजोरीत जमा होई. १९२० च्या दशकात गिरणगावातील कामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलाला अफूची गोळी देत. मूल दिवसभर निपचित पडून राही. ‘बाळगोळी’ हे तिचे प्रचलित नाव. या प्रसंगात बाहेरचा कोण होता? विकणारे दुकान सरकारमान्य, घेणारी आई चाळीतली, आणि तिला तसे करायला लावणारी दहा तासांची पाळी गिरणीमालकाची. दोष कोणा एकाच्या माथी मारता येणार नाही असा हा प्रसंग आहे. आणि तो सर्वस्वी ‘आतला’ आहे.

स्वातंत्र्यानंतर ही विक्री टप्प्याटप्प्याने बंद झाली. १९८० च्या दशकाच्या आरंभी मात्र मुंबईच्या गल्ल्यांत एक नवी पूड आली. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्यानंतर त्या प्रदेशातील हेरॉइनच्या वाटा बदलल्या आणि तिचे अशुद्ध रूप ‘ब्राउन शुगर’ या नावाने भारतीय शहरांत पसरले. एकेकाळी निर्यात करणारे शहर आता गिऱ्हाईक झाले. मराठीत या पुडीला ‘गर्द’ हे नाव पडले. फारसीत या शब्दाचा अर्थ धूळ. मराठी वाचकाला तो दाट झाडीमुळे, गर्द रंगामुळे परिचित होता. एका ओळखीच्या, काहीशा काव्यात्म शब्दाला अल्पावधीत वस्तीतला दुसरा अर्थ चिकटला. त्याच शब्दापासून ‘गर्दुल्ला’ हे नाम तयार झाले, आणि सामाजिक दृष्ट्या ते अधिक महत्त्वाचे आहे. दारुड्या, गंजेडी या शब्दांत तुच्छता असली तरी त्या माणसाला घर असते, बायको असते, शेजार असतो. गर्दुल्ल्याला यांतले काही नसते. तो रेल्वेच्या पुलाखाली असतो, रुळांच्या कडेला असतो. कालपर्यंत ज्याला आडनाव होते, शाळेच्या हजेरीपटावर ज्याची नोंद होती, तो मुलगा या एका शब्दासरशी उपरा होतो.

अनिल अवचट यांनी ‘गर्द’ या नावाने केलेल्या लेखनाचे महत्त्व येथे आहे. त्यांनी या शब्दामागचा मुलगा पुन्हा घरात आणून दाखवला. ही मुले मराठी मध्यमवर्गाच्या आणि कामकरी वर्गाच्या ओळखीच्या घरांतली आहेत, ही जाणीव वाचकाला अस्वस्थ करणारी होती. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, आणि त्यासाठी पु. ल. देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य केले. हा केवळ परोपकाराचा इतिहास नाही. ज्याला समाजाने बाहेर काढले त्याला आत घेण्याची ती एक रीत आहे, आणि म्हणून या चर्चेत तिला तात्त्विक स्थानही आहे.

याच्या उलट रीतीचे उदाहरण गोव्यात दिसले. २०१३ च्या ऑक्टोबरअखेरीस तेथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरी येथे महामार्ग रोखून धरला, आणि त्यानंतर काही दिवस सबंध नायजेरियन समाजाविरुद्ध संतापाची लाट उसळली. राज्याच्या एका मंत्र्याने त्यांना कर्करोगाची उपमा दिली आणि नंतर त्याबद्दल खेद व्यक्त केला. खून झालेला माणूस परका होता. तरीही चर्चा परक्यांच्या उपद्रवाची झाली. त्यांपैकी काही जण या धंद्यात होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु याच गोव्यात तीन वर्षांपूर्वी, २०१० मध्ये, अमली पदार्थविरोधी पथकातील काही पोलिसांनाच विक्रेत्यांशी संगनमत केल्याच्या संशयावरून अटक झाली होती. किनाऱ्यावरची खोली भाड्याने देणारा, पार्टीला परवानगी देणारा, गस्तीची वेळ कळवणारा, या माणसांची भाषा शोधण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. रस्त्यावर पुडी विकणारा परका डोळ्यांत भरतो, कारण त्याचा वर्ण आणि त्याची भाषा वेगळी असते. घरमालक डोळ्यांत भरत नाही. तो शेजारी असतो.

या व्यापाराला दोन गोष्टी लागतात : माल आणि जागा. माल दुरून येऊ शकतो. जागा मात्र नेहमी जागेवरच असते. जागा म्हणजे केवळ खोली नव्हे. गिऱ्हाईक, भांडवल, पैसा फिरवण्याची सोय, डोळेझाक करणारी यंत्रणा, हे सर्व त्यात येते. भारतीय कायद्याने हा भेद फार पूर्वी ओळखला आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात विक्रेत्याला शिक्षा आहेच. पण जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्यासाठी कलम २५ आहे आणि व्यापाराला पैसा पुरवणाऱ्यासाठी कलम २७ अ. उलट स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन माणसाला कलम ६४ अ काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देते. यांपैकी कोणत्याही कलमात जन्मस्थानाचा प्रश्न येत नाही. लोकमत जेथे ‘कोण’ असे विचारते तेथे कायदा ‘काय केले’ असे विचारतो.

अलीकडच्या घटना पाहता जुने भौगोलिक उत्तर अधिकच अपुरे वाटू लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात अफगाणिस्तानातून निघालेले सुमारे तीन हजार किलो हेरॉइन पकडले गेले. बाहेरून येणाऱ्या मालाचे प्रमाण किती मोठे असू शकते याचा तो पुरावा आहे, आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. परंतु ज्या मेफेड्रोनने गेल्या दशकभरात महाराष्ट्राची शहरे व्यापली, आणि ज्याचा समावेश २०१५ मध्ये या कायद्याच्या कक्षेत करावा लागला, त्याला ना खसखशीचे शेत लागते ना सरहद्द. ते रसायनशाळेत तयार होते. २०२३ मध्ये नाशिक परिसरात त्याचा कारखाना उघडकीस आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीपासून सांगली आणि दिल्लीपर्यंत पसरलेला दीड हजार किलोहून अधिक साठा जप्त केला. नाशिकचे प्रकरण उजेडात आले ते पुण्यात एका रुग्णालयाच्या दाराशी सापडलेल्या मालावरून. तेथे उपचारासाठी ठेवलेला एक कैदी हा व्यापार चालवत असल्याचा आरोप झाला. तो पळून गेला आणि काही पोलीस निलंबित झाले. ते रुग्णालय ‘ससून’ होते. या योगायोगातून कोणताही गूढ अर्थ काढण्याचे कारण नाही. इतके मात्र दिसते की माळव्यापासून कॅन्टनपर्यंतची वाट आता एका जिल्ह्याच्या हद्दीत मावू लागली आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. दायित्व असे सर्वांवर पसरवले तर दोषी कोणीच उरत नाही. गिऱ्हाईक, घरमालक, पोलीस, व्यवस्था असे म्हणता म्हणता प्रत्यक्ष विष विकणारा सुटून जातो. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दोष आणि दायित्व यांतील भेदात शोधावे लागते. दोष कृतीचा असतो; तो व्यक्तीवर सिद्ध करावा लागतो आणि त्याचे शासनही त्या व्यक्तीलाच व्हावे लागते. दायित्व संबंधाचे असते. ज्या स्थितीमुळे ती कृती शक्य झाली तिच्याशी ज्याचा संबंध आहे त्या प्रत्येकाकडे ते आपापल्या प्रमाणात येते. विक्रेत्याचा दोष घरमालकाच्या दायित्वाने पुसला जात नाही, आणि घरमालकाचे दायित्व विक्रेत्याला फाशी दिल्यानेही संपत नाही. ‘हे बाहेरच्यांचे काम’ या वाक्यात हे दोन्ही एकत्र कालवले जातात : दोष व्यक्तीऐवजी जमातीवर टाकला जातो, आणि दायित्व कोणावरच टाकले जात नाही. अशा रीतीने ते वाक्य दुहेरी अन्याय करते. निरपराध परक्यावर ते अन्याय करते, आणि ज्या घरात व्यसन शिरले आहे त्या घरावरही. कारण ज्याचे मूळ बाहेर आहे त्यावर उपाय आत शोधण्याची गरज उरत नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ मधील पाहणीनुसार देशातील २.१ टक्के लोक अफूजन्य पदार्थांचे सेवन करतात. ही संख्या दोन कोटींच्या वर जाते. एवढे गिऱ्हाईक कोणी बाहेरून आणून बसवलेले नाही.

जीत थायिल यांची ‘नार्कोपोलिस’ ही इंग्रजी कादंबरी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईच्या शुक्लाजी स्ट्रीटवरील अफूच्या अड्ड्याची ती कथा आहे. त्या अड्ड्यावरील उंची नळ्या एका चिनी निर्वासिताकडून आलेल्या असतात. मुंबईने चीनला अफू दिली आणि शतकानंतर चीनहून आलेल्या नळीतून मुंबई ती ओढू लागली, एवढा इतिहास त्या एका तपशिलात सामावला आहे. त्या अड्ड्यावर बसलेल्यांपैकी आतला कोण आणि बाहेरचा कोण, हे ठरवणे वाचकाला जड जाते. त्यांच्यात धर्माचे, प्रांताचे, लिंगाचे सगळे भेद आहेत. पण शहराच्या दृष्टीने ते सारेच बाहेरचे झालेले आहेत. आणि त्यांना बाहेर नेणारी वाट शहरानेच तयार केलेली आहे.

तेव्हा रहिवासी की उपरे, या प्रश्नाचे उत्तर इतिहास देतो ते असे : माल कधी आतला असतो, कधी बाहेरचा; जागा मात्र सदैव आतली असते. उपऱ्याचा जेथे दोष असेल तेथे त्याला शासन व्हावे, यात दुमत असण्याचे कारण नाही. परंतु दादाभाईंनी १८५८ मध्ये भागीदारी सोडली तेव्हा कॅन्टनमधील विक्री एका पेटीनेही कमी झाली नसेल. तरीही ती कृती व्यर्थ ठरत नाही. पुढच्या काळात कोणालाही ‘त्या वेळी हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते’ असे म्हणता येणार नाही, एवढी तजवीज त्या एका नकाराने करून ठेवली आहे. प्रत्येक छाप्यानंतर परका शोधणाऱ्या शहराला त्या नकाराचे स्मरण देणे आवश्यक आहे. कारण रेल्वेच्या पुलाखाली बसलेला मुलगा कोठून आला याचा शोध घेतला, तर त्याचा पत्ता बहुधा त्याच शहरातला निघतो.